पेटीनंतरची पेटी : संगणकाच्या सुरांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला रस्त्यात अडवून विचारले, “संगणकातले साउंड कार्ड हा का व्याख्यानाचा विषय? पोरांच्या खेळातल्या टुणटुण आवाजाला इतिहास कसला?” प्रश्न रास्त होता. पण मला वाटते, घराघरांत शिरलेल्या प्रत्येक वाद्याला इतिहास असतो, आणि जे वाद्य आपण विकत घेतो ते काही काळाने आपल्या कानांना वळण लावू लागते. हा अनुभव आपल्याला नवा नाही. एका पेटीच्या बाबतीत आपण तो पूर्वीच घेतला आहे. म्हणून संगणकाकडे वळण्यापूर्वी मी तुम्हाला त्या जुन्या पेटीची आठवण करून देणार आहे.

पेटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हार्मोनियमच येते. भजनात पेटी, कीर्तनात पेटी, तमाशाच्या फडात पेटी आणि संगीत नाटकाच्या पडद्यापुढेही पेटीच. हे वाद्य मूळचे इथले नव्हे. १८४० च्या सुमारास फ्रान्समध्ये ते घडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे मांडी घालून वाजविण्याजोगे रूप केले. स्वस्त, टिकाऊ, आणि वारंवार सुरात लावावे न लागणारे! सारंगी आणि बीन यांना लागणारी वर्षानुवर्षांची मेहनत नसतानाही गळ्याला आधार देणारे वाद्य मिळाले, तेव्हा ते गावोगाव पसरले यात नवल नाही.

परंतु या पेटीत एक खोट होती. तिच्यातील प्रत्येक स्वर म्हणजे पितळेची एक पट्टी. कारखान्यात ती जेवढी घासली तेवढाच तिचा सूर. एका सप्तकात अशा बाराच पट्ट्या, आणि त्याही पाश्चात्त्यांच्या समान अंतराच्या मापाने बसविलेल्या. आपल्या गवयाचा कोमल गंधार दरबारी कानड्यात एका जागी असतो, तर दुसऱ्या रागात किंचित वेगळ्या जागी. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर पट्ट्यांतून निघणे शक्यच नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स नावाच्या, आपल्याच भागात न्यायाधीश असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना साथ दिली, आणि जादा स्वरांची श्रुती-पेटी लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला. ती पेटी काही रूढ झाली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दारच बंद केले, आणि ती बंदी १९७१ सालापर्यंत टिकली.

पण लोकांनी काय केले? लोकांनी पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर यांच्यासारख्या वादकांनी तिची मर्यादा ओळखली आणि त्या मर्यादेच्या आत राहून, बोटांच्या चलाखीने नि भात्याच्या दाबाने, गाण्याचा आभास निर्माण केला. वाद्य अपुरे, कान शाबूत आणि हात तयार, असा हा प्रकार होता. हे तीन शब्द तुम्ही ध्यानात ठेवा : वाद्य, कान आणि हात. आता आपण दुसऱ्या पेटीकडे वळू.

ही दुसरी पेटी १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बाजारात आली. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक तो हाच. तो कचेरीसाठी होता. हिशेब करावा, पत्रे लिहावीत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. चूक झाल्यास सूचना द्यावी म्हणून त्यात एक लहानसा ध्वनिक्षेपक बसविला होता. त्याची रीत मोठी गमतीची आहे. संगणकात सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके देणारे एक घड्याळ असते. या ठोक्यांना २७१२ ने भागले की सेकंदाला ४४० कंपने मिळतात, म्हणजे पाश्चात्त्य वाद्ये ज्या स्वरावर लावतात तो स्वर. भाजक बदलला की सूर बदलला. परंतु एका वेळी एकच सूर, त्यात लहानमोठा आवाज नाही, गोडवा नाही. पडदा एकदम पुढे, एकदम मागे, एवढीच हालचाल. तोंडात शिट्टी धरलेल्या पोराने अभंग वाजवावा, तसा हा प्रकार.

त्याच सुमारास घरगुती वापराचे इतर संगणक या बाबतीत बरेच पुढे होते. १९८२ सालच्या कमोडोर ६४ या यंत्रात बॉब यॅनिस या अभियंत्याने तीन स्वतंत्र आवाजांची चिप बसविली होती. १९८५ च्या अमिगा संगणकात तर चार ध्वनिमुद्रित आवाज एकाच वेळी वाजत. कचेरीतला आयबीएम मात्र मुकाच राहिला. पण जगभर पसरला तो हाच. कारण त्याची नक्कल कोणालाही करता येत होती, आणि त्याच्या आतील मोकळ्या खाचांत कोणीही बनविलेले नवे कार्ड बसविता येत होते. साउंड कार्डाचा जन्म या मोकळ्या खाचेत आहे.

आता थोडे मागे जावे लागेल. १९६७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे एक संगीतकार संगणकावर आवाजाचे प्रयोग करीत होते. स्वराला आंदोलन दिले तर काय होते, हे ते पाहत होते. सेकंदाला पाचसहा वेळा स्वर हलविला की गाणाऱ्याच्या गळ्यातील कंप ऐकू येतो, हे सर्वांना ठाऊकच होते. चाउनिंग यांनी तो वेग वाढवीत नेला. वेग सेकंदाला शंभराच्या घरात आणि पुढे गेला, तेव्हा कानाला आंदोलन ऐकू येईनासे झाले आणि त्याच्या जागी एक अगदी निराळाच नाद उमटला. कधी घंटेसारखा, कधी पितळी तुतारीसारखा. दोन साध्या लहरी, एक दुसरीला हलविणारी, आणि त्यांच्यातून असंख्य वाद्यांचे नाद! आपल्याकडे आंदोलन आणि गमक यांचे नाते स्वराशी मानतात. तेच आंदोलन पुरेसे जलद केले की त्याचे रूपांतर स्वराच्या जातीत होते, हे या गृहस्थाने दाखवून दिले. १९७३ साली त्यांनी त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ऑर्गन बनविणाऱ्यांना त्यात काही दिसले नाही. जपानच्या यामाहा कंपनीला मात्र दिसले. तिने त्याचे हक्क घेतले आणि १९८३ साली डीएक्स-७ हे वाद्य काढले. त्या दशकातील पाश्चात्त्य चित्रपटांत आणि गाण्यांत त्याचा नाद सर्वत्र ऐकू येतो.

मोठ्या वाद्यातील हीच युक्ती यामाहाने एका स्वस्त चिपमध्ये उतरविली. आणि ही चिप संगणकाच्या मोकळ्या खाचेत नेऊन बसविण्याचे काम केले कॅनडातील क्वेबेकच्या एका संगीताच्या प्राध्यापकाने. त्यांचे नाव मार्टिन प्रेवेल. ते लाव्हाल विद्यापीठात संगीत शिकवीत असत. १९८७ साली त्यांच्या ‘ॲडलिब’ कंपनीचे कार्ड निघाले. एका वेळी नऊ सूर, किंवा सहा सूर आणि पाच तालवाद्ये, अशी त्याची रचना. पुढच्याच वर्षी सिएरा कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळाचा चौथा भाग काढला, त्याचे संगीत विल्यम गोल्डस्टीन या व्यावसायिक संगीतकाराकडून लिहवून घेतले, आणि ते ॲडलिबवर वाजेल अशी सोय केली. संगणकाच्या खेळाला खरे पार्श्वसंगीत असू शकते हे लोकांना तेव्हा पटले, आणि कार्ड खपू लागले. ज्यांच्या खिशात अधिक पैसा होता ते जपानच्या रोलँड कंपनीचे एमटी-३२ हे बाहेर ठेवावयाचे यंत्र घेत. त्याचा नाद पुष्कळ सरस होता, पण किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. थोडक्यात, इथेही सारंगी आणि पेटी असाच भेद होता, आणि इथेही पेटीच जिंकली.

मात्र जिंकलेली पेटी ॲडलिबची नव्हे. १९८१ साली सिंगापुरात सिम वाँग हू नावाच्या तरुणाने एक लहानसे संगणकाचे दुकान काढले होते. या गृहस्थाला लहानपणापासून तोंडाने वाजवावयाच्या बाजाचा, म्हणजे हार्मोनिकाचा, नाद होता. हार्मोनिका ही आपल्या पेटीची सख्खी बहीणच. तिच्यातही पितळेच्या पट्ट्याच असतात. सिम यांच्या ‘क्रिएटिव्ह’ कंपनीने १९८७ साली काढलेले पहिले कार्ड फारसे चालले नाही. तेव्हा १९८९ साली त्यांनी ‘साउंड ब्लास्टर’ काढले. त्यात ॲडलिबचीच यामाहाची चिप होती, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेले सर्व संगीत त्यावर जसेच्या तसे वाजे. शिवाय त्यात आणखी एक सोय होती : ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची आणि स्वतः आवाज मुद्रित करण्याची. वर खेळाची दांडी जोडण्याची जागा. गिऱ्हाइकाला एकाच किमतीत तीन वस्तू मिळाल्या. ॲडलिब कंपनीचे १९९२ साली दिवाळे निघाले. त्याच वर्षी सिंगापूरची क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅसडॅक शेअरबाजारात नोंदली गेली. १९९२ सालीच तिचे सोळा बिटांचे कार्ड निघाले आणि सीडीच्या तोडीचा आवाज घरच्या संगणकातून येऊ लागला. सिम यांचे २०२३ च्या जानेवारीत निधन झाले.

साउंड ब्लास्टरमध्ये एकाच पत्र्यावर दोन निरनिराळ्या गोष्टी नांदत होत्या, त्यांचा भेद समजून घेतला पाहिजे. एक गोष्ट म्हणजे मुद्रण. सेकंदाला हजारो वेळा आवाजाची उंची मोजून ती आकड्यांत लिहून ठेवावयाची, आणि मग त्याच क्रमाने वाजवावयाची. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी जशी, तशी ही. दुसरी गोष्ट म्हणजे सूचना. अमुक क्षणी अमुक स्वर, अमुक नादाचा, इतका वेळ लाव, एवढेच चिपला सांगावयाचे. वाजविण्याचे काम चिपचे. ही झाली भातखंडे यांची स्वरलिपी. तबकडीला जागा फार लागते, स्वरलिपीला अगदी थोडी. त्या काळी संगणकातील जागा फार महाग असल्यामुळे बोलणे, बंदुकीचे आवाज वगैरे थोडे मुद्रित ठेवीत आणि संगीत सगळे सूचनांनी चालवीत. म्हणून १९८७ ते १९९५ च्या दरम्यानचे हे संगीत म्हणजे पुष्कळ अंशी स्वरलिपी आहे. ते कोणी गायिलेले नाही. प्रत्येक घरातील चिपने ते दर वेळी नव्याने वाजविलेले आहे.

या तुटपुंज्या साधनांतून त्या काळच्या संगीतकारांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. नऊच सूर मिळतात, तर एकाच सुराचे दोन किंचित विजोड जोड लावून तो भरदार करावयाचा. दोन सूर पाळीपाळीने झरझर वाजवून एकत्र वाजल्याचा भास निर्माण करावयाचा. लुकास यांच्या कंपनीत मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी १९९१ च्या ‘मंकी आयलंड’च्या दुसऱ्या भागासाठी अशी योजना केली की खेळणारा एका जागेतून दुसऱ्या जागेत गेला की संगीत तोडून न टाकता, चालू असलेल्या मात्रेचा हिशेब ठेवून, नव्या चालीत वळावे. कीर्तनकाराने अभंग मध्येच थांबवून कथेला सुरुवात केली की पेटीवाला आणि तबलजी जसे समेवर येऊन हळूच सूर धरून बसतात, तसेच हे. वाद्य हलके होते. कान आणि हात हलके नव्हते.

आता आपण आपल्या दाराशी येऊ. १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले, आणि काही वर्षांतच नगरसारख्या शहरांतून संगणकवर्ग निघाले. दुकानांच्या पाट्यांवर ‘मल्टिमीडिया’ हा नवा शब्द दिसू लागला. त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच की या संगणकात साउंड कार्ड, सीडीची खाच आणि दोन डबड्या आहेत. मी हा आवाज प्रथम अशाच एका वर्गात ऐकला. शिकविणाऱ्या तरुणाने आम्हाला एक यादी दाखविली. तिच्यात वाद्यांची नावे होती. नाव निवडावे आणि कळ दाबावी, की ते वाद्य वाजे. आमच्यातल्या एकाने विचारले, “यात ढोलकी कुठली?” त्या तरुणाने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. ढोलकी नव्हती.

ती यादी कोणती, हे मला पुढे कळले. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली ‘मिडी’ नावाची एक सामाईक भाषा ठरली होती. १९९१ साली अमेरिकेतील आणि जपानमधील वाद्यनिर्मात्यांच्या संघटनांनी तिच्यासाठी १२८ वाद्यांची क्रमवार यादी मुक्रर केली. जगातील बहुतेक साउंड कार्डांनी तीच स्वीकारली. तीत १०५ वा क्रमांक सतारीचा आहे आणि ११२ वा सनईचा. २१ व्या क्रमांकाचा रीड ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा चुलता. तालवाद्यांची यादी वेगळी. तीत क्यूबाचे बोंगो आणि काँगा आहेत, ब्राझीलची क्विका आहे, लाकडी ठोकळा आहे, शिट्टीसुद्धा आहे. तबला नाही, मृदंग नाही, ढोलकी नाही. संगमनेरच्या अनंत फंदींच्या मातीत राहणाऱ्या माणसाने ही यादी वाचली की त्याच्या मनात काय येत असेल, ते मी निराळे सांगावयास नको. कोणी द्वेषाने वगळले असे नव्हे. ज्यांनी यादी केली त्यांच्या कानांत जे होते ते यादीत आले. जे कानांत नव्हते ते आले नाही.

यादीपेक्षाही गंभीर गोष्ट स्वरांची. या कार्डांवर वाजणारे संगीत बहुतेक सगळे बारा समान स्वरांत आहे. म्हणजे १९१० साली देवलांनी जी तक्रार केली होती तीच, ऐंशी वर्षांनी, पुन्हा आपल्या दारात येऊन उभी राहिली. पुष्कळांनी तेव्हा म्हटले, ‘संगणकाला मींड यावयाची नाही, ते यंत्र आहे.’ येथे मात्र आपण जरा थांबून त्या यंत्राच्या पोटात पाहिले पाहिजे.

ॲडलिबच्या आणि साउंड ब्लास्टरच्या त्या यामाहा चिपला ‘सा’, ‘रे’, ‘ग’ काहीच कळत नाही. बारा स्वरही कळत नाहीत. तिला फक्त दोन आकडे द्यावे लागतात : सप्तक कोणते, आणि ० ते १०२३ यांमधील एक संख्या. ती संख्या एकाने वाढविली की सूर तिळभर चढतो. एका सप्तकाच्या अंतरात अशा तीनशेहून अधिक पायऱ्या पडतात. बावीस श्रुतींसाठी देवलांनी लंडनहून वाद्य करवून घेतले. या दोनशे डॉलरांच्या आसपासच्या कार्डात तीनशे पायऱ्या आयत्या पडून होत्या! संख्या भराभर एकेकाने वाढवीत नेली की सूर घसरत जातो. चिपला मींड सहज येत होती. तिला ती कोणी सांगितली नाही.

मग बारा स्वरांची भिंत होती कुठे? ती होती संगीत लिहिणाऱ्याने संगणकात भरलेल्या एका लहानशा कोष्टकात : सा म्हणजे ही संख्या, कोमल रे म्हणजे ती संख्या, अशा बारा ओळी. त्या बारा ओळी बदलावयाला हातोडी लागत नव्हती, पितळ घासावे लागत नव्हते, लंडनला मागणी नोंदवावी लागत नव्हती. मिडीच्या भाषेतही स्वर वरखाली वाकविण्याची सोय पहिल्यापासून आहे. मात्र ती एका वाहिनीतील सर्व सुरांना एकदम लागू होते, म्हणून एकेका सुराला स्वतंत्र वाहिनी द्यावी लागते. काम किचकट खरे, पण अशक्य नव्हे. हार्मोनियमला मींड नाही हा पितळेचा दोष आहे. साउंड कार्डावर मींड ऐकू आली नाही, हा दोष पितळेचा नव्हता. तो सवयीचा होता. आणि ती सवय मोडण्याचे काम ज्यांचे संगीत अडत होते त्यांचे, म्हणजे आपले होते.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. १९८० च्या सुमारास भारतात राहणारे फ्रेंच अभियंते बर्नार्ड बेल यांनी, प्रत्येक स्वर हवा तेवढा सूक्ष्म फरकाने लावता येईल अशी विजेवर चालणारी श्रुती-पेटी बनविली. पुढे त्यांनी गायकाच्या गळ्यातील स्वर क्षणाक्षणाला मोजून त्याची रेषा काढणारे यंत्र केले. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये विम व्हान देर मेर यांच्याबरोबर त्यांनी त्यावर रागांचा अभ्यास केला. मींड ही कागदावर वळणदार रेषा होऊन उमटली. जेम्स किपेन या अभ्यासकाबरोबर, लखनौचे तबलानवाज अफाक हुसेन खाँ यांच्या विद्येच्या आधारे, त्यांनी तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण ॲपलच्या एका लहानशा संगणकात घातले. संगणक नवे पलटे रची, खाँसाहेब ते ऐकून कोणता ग्राह्य आणि कोणता त्याज्य हे सांगत, आणि त्याप्रमाणे व्याकरण सुधारले जाई. इथे यंत्र शिष्याच्या जागी बसले आणि गुरू गुरूच्या जागी राहिला. कान आपला, माप आपले, आणि यंत्र परक्या देशाचे. तरी काम झाले. आपल्या दिवसांत डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली, म्हणजे देवलांचा ध्यास अजून विझलेला नाही.

आता या इतिहासाचा शेवट सांगतो. १९९७ च्या सुमारास इंटेल कंपनीने आवाजाची सोय संगणकाच्या मूळ पत्र्यावरच करण्याचा दंडक घालून दिला. हळूहळू वेगळे कार्ड घेण्याची गरज उरली नाही. जागा स्वस्त झाली तशी स्वरलिपी मागे पडली आणि सर्व संगीत मुद्रितच मिळू लागले. चाउनिंग यांच्या युक्तीवर चालणारी चिप नव्या संगणकांतून नाहीशी झाली. खोक्यांतली जुनी कार्डे भंगारात गेली. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. ज्या संगीताची केवळ स्वरलिपी उरली आहे, ते त्याचे वाद्य गेल्यावर वाजवावयाचे कशावर? दुसऱ्या चिपवर त्याच सूचना दिल्या तर स्वर तेच येतात, पण नाद निराळा. रचणाऱ्याने कानाने निवडलेला तो किंचित खरखरीत, किंचित घंटेसारखा रंग नाहीसा होतो.

काही चिकाटीच्या लोकांनी यावर उपाय केला. त्यांनी या जातीच्या चिपचे कवच काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेतली, आतील एकेक जोडणी वाचली, आणि तिच्यासारखाच वागणारा कार्यक्रम लिहून काढला. आज जुन्या खेळांचे संगीत ऐकू येते ते या मेहनतीमुळे. पोरखेळातील आवाजासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मी त्याला आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगेन.

ज्या ओवीत नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच ओवीचे दुसरे, बायकांचे रूप जात्यावर होते. पहाटे दोघी जणी जात्याला बसत, आणि दगडाच्या घरघरीवर ओवी चाले. ते जाते म्हणजे पिठाचे यंत्र, आणि तेच ओवीचे वाद्य. गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, आणि ते वाचावयासच हवे होते. त्याबद्दल कोणी हळहळू नये. पण वाद्य गेले आणि त्याबरोबर गाण्याची वेळही गेली. ओव्या आजींच्या स्मरणात राहिल्या, आजींबरोबर जाऊ लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांचे शब्द संगणकात सूत्रबद्ध मांडण्याचे आणि त्यांतल्या काहींचे आवाज मुद्रित करण्याचे काम कोणी केले असेल? त्याच बर्नार्ड बेल यांनी. तबल्याचे व्याकरण ज्यांनी यंत्राला शिकविले त्यांनीच आपल्या आजींचा गळा यंत्रात जपला. २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने त्या ओव्या लोकांपुढे ठेवावयास सुरुवात केली आहे.

या ओव्यांच्या बाबतीत आपल्याला स्वरलिपी पुरली असती काय? मुळीच नाही. शब्द लिहिले तर अर्थ उरला असता. स्वर लिहिले तर चाल उरली असती. दळताना लागलेला दम, दोघींपैकी एकीने ओढलेली आणि दुसरीने उचललेली ओळ, दगडाची घरघर, हे कागदावर उतरले नसते. त्यासाठी तबकडीच हवी होती. उलट त्या चिपच्या संगीताला तबकडी पुरत नाही. ते दर वेळी नव्याने वाजावे यासाठी वाद्य जिवंत ठेवावे लागते. काय जपावयाचे आणि कसे जपावयाचे, हे त्या त्या संगीताच्या स्वभावावरून ठरवावे लागते. परंतु दोन्ही ठिकाणी जपण्याचे काम कोणा ना कोणा माणसालाच करावे लागले. यंत्र आपण होऊन काही जपत नाही, आणि आपण होऊन काही बुडवीतही नाही.

श्रोतेहो, आज पेटी आणि संगणक दोन्ही मागे पडून सर्व संगीत खिशातल्या फोनात आले आहे. यंत्रे आता चालीसुद्धा रचू लागली आहेत. उद्या आणखी काही येईल, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी म्हणेल की हे यंत्र आपल्या संगीताला मारक आहे. दुसरा म्हणेल की हेच आता संगीत. दोघांनाही मी त्या बारा ओळींच्या कोष्टकाची आठवण करून देईन. नव्या यंत्राच्या पोटात पाहा. भिंत पितळेची आहे की सवयीची, हे आधी तपासा. पितळेची असेल तर गोविंदरावांसारखे तिच्या आत राहून वाजवा. सवयीची असेल तर ती पाडण्याचे काम आपले.

त्या संगणकवर्गातल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले नव्हते. यादीत ढोलकी नव्हती हे खरे. पण यादीबाहेरचा नाद मुद्रित करून घालण्याची सोय त्याच कार्डात होती, आणि त्यासाठी एक सूक्ष्मध्वनिक्षेपक आणि एक ढोलकीवाला एवढेच हवे होते. दोन्ही आपल्या नगरात त्या वेळी मिळत होते. आम्ही कोणी ढोलकीवाल्याला बोलावले नाही. ही आमच्या पिढीची चूक मी तुमच्यापुढे कबूल करतो, आणि ती पुढच्या पिढीने करू नये एवढी विनंती करतो.